पी.पी.

फोन उचलल्यावर आई पहिल्यांदा "कशी आहेस?" असं कधीच विचारत नाही. "बाजूला कोण आहे गं?" हा तिचा पहिला प्रश्न. कुणी नाही म्हटलं की तिचा आवाज सैल होतो. कुणी आहे म्हटलं की ती पावसापाण्यावर येते, भाजीचे भाव सांगते आणि "ठेवते मग" म्हणून मोकळी होते. व्हिडिओ कॉलवर तिला माझ्या मागची भिंत दिसत असते, खोली रिकामी असल्याचंही दिसत असतं, तरी प्रश्न होतोच. या सवयीचं मूळ सांगलीच्या गावभागात, आमच्या समोरच्या घरात आहे.

वडिलांनी 1981 साली टेलिफोनसाठी अर्ज केला होता आणि फोन आला 1993 साली. मधली बारा वर्षं आम्ही पी.पी. होतो. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. स्वतःचा फोन नसलेला माणूस शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि त्याच्यापुढं 'पी.पी.' अशी दोन अक्षरं लिहायचा. लग्नपत्रिकेवर, शिकवणीच्या पाटीवर, स्थळाच्या माहितीपत्रकावर, सगळीकडं ती असायची. त्या अक्षरांची फोड प्रत्येक जण आपापल्या परीनं करी. आमच्या घरी त्यांचा अर्थ एकच होता, समोरच्या काकूंकडचा फोन.

काकूंचे यजमान हळदीचे अडते. व्यापारामुळं त्यांच्याकडं फोन लवकर आलेला. तो सोप्यात, तक्क्याजवळच्या उंच स्टुलावर असायचा आणि त्याच्या डायलला छोटं कुलूप लावलेलं असे. मुंबईहून मामाचा फोन आला की काकूंचा मुलगा रस्त्यातून हाक मारायचा. आई पदराला हात पुसत धावायची आणि मी तिच्या मागं. मग त्या सोप्यात, चार माणसांसमोर, आई जे बोलायची त्याला बोलणं म्हणायचं का हा प्रश्नच आहे. "हो. बरं. कळवते. इकडं सगळं छान." छान काही नसायचं; वडिलांचा पगार तीन-तीन महिने अडकलेला असायचा. पण पी.पी. फोनवर सगळं छानच असतं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली होती. आईनं रिसीव्हर कानाला लावला की काकू उठायच्या, फळीवरच्या रेडिओकडं जायच्या आणि आवाज मोठा करायच्या. सांगली आकाशवाणीवर जे काही चालू असेल ते सगळ्या सोप्यात घुमायचं. आईला एक कान बोटानं बंद करून बोलावं लागे. मला त्याचा फार राग यायचा. आपला फोन त्यांना नकोसा होतो, हे तोंडानं न सांगता सांगायची ती त्यांची तऱ्हा, असं मी ठरवून टाकलं होतं.

हे सगळं मला पंचेचाळिसाव्या वर्षी, जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये, एका वायफायमुळं आठवत राहिलं.

मी 2022 च्या सप्टेंबरात तिथं गेले, हस्तलिखितांच्या सूचीच्या कामासाठी दोन वर्षांच्या नेमणुकीवर. जागा अर्धी होती, म्हणजे पगार अर्धा. (काम अर्धं असतं असा कुणाचा गैरसमज असेल तर तो लवकर जातो.) मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तेव्हा शहराच्या मध्यात, संगीतकार बाखच्या चर्चच्या आसपास, उंच छताच्या जुन्या घरात राहण्याची स्वप्नं मी पहिल्याच आठवड्यात गुंडाळून ठेवली आणि ग्र्युनाऊला खोली घेतली.

ग्र्युनाऊ शहराच्या पश्चिमेला आहे. पूर्व जर्मनी हा वेगळा देश होता तेव्हा, 1976 पासून, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या लाद्या क्रेननं एकावर एक रचून ही वसाहत उभी केली. आठ विभाग, त्यांना नावं नव्हती, क्रमांकच होते आणि जुने रहिवासी अजून क्रमांकानंच पत्ता सांगतात. तेव्हा तिथं घर मिळणं भाग्याचं समजत, कारण न्हाणीघर घरात होतं आणि नळाला गरम पाणी होतं. पुढं देश एक झाला, नोकऱ्या गेल्या, लोक पश्चिमेला गेले, काही इमारती पाडल्या. उरलेल्या घरांत आता म्हातारी माणसं, नवे आलेले परदेशी आणि माझ्यासारखे अर्ध्या पगारावरचे.

जर्मनीत भाडं दोन प्रकारचं असतं, थंड आणि गरम. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं. गरम म्हणजे त्यात हीटर, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असं सगळं आलं. माझ्या खोलीचं भाडं गरम तर होतंच, शिवाय जाहिरातीत 'वायफायसह' असंही लिहिलं होतं. खरं तर तिथं 'पी.पी.' लिहायला हवं होतं.

घर ज्याच्या नावावर होतं तो तिशीचा मुलगा बालवाडीत शिक्षक होता. मी त्याची पोटभाडेकरू. मुलगा भला होता. पहिल्या दिवशी त्यानं मला कचऱ्याचे डबे समजावून सांगितले, त्यालाच अर्धा तास लागला. मग वायफायचा पासवर्ड दिला आणि म्हणाला, "फक्त काही डाऊनलोड करू नका हं, सिनेमे वगैरे. पत्र माझ्या नावानं येतं." हे पत्र म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला ठाऊक असतं. टॉरेंटवरून एखादा सिनेमा उतरवला की हक्कदाराच्या वकिलाची नोटीस कनेक्शनच्या मालकाच्या घरी येते आणि शेकडो युरो मागते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा 2010 सालचा एक निकाल होता की वायफाय नीट बंदिस्त न ठेवणारा मालकही दुसऱ्यानं केलेल्या आगळिकीला काही अंशी उत्तरदायी असतो. 2017 साली कायदा बदलून ही जबाबदारी बरीचशी उतरवली. पण कायदा बदलला म्हणून भीती बदलत नाही. पासवर्ड देताना जर्मन माणूस अजूनही किल्ली दिल्यासारखा चेहरा करतो.

निघता निघता तो सहज म्हणाला, "राउटरमध्ये मला दिसतं तसं, कोण जोडलंय आणि किती वापरतंय ते." त्याच्या मनात काही नव्हतं, वीज-मीटर कुठं आहे हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. पण त्या रात्री मला एक गोष्ट इंटरनेटवर शोधायची होती. पाळी चार महिने आली नव्हती, मधूनच अंगातून वाफा निघत होत्या आणि हे सगळं वयाचं की दुसरं काही, एवढंच वाचायचं होतं. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या संगणकावर, मागं कुणी नाही बघून, वाचलं. राउटरमधून त्याला मी काय वाचते ते दिसणं शक्य नव्हतं, हे मला पुढं कळलं. कळून फरक पडला नाही. मामा पलीकडून काय बोलतो ते काकूंना तरी कुठं ऐकू येत होतं? आई तरीही "छान" म्हणायचीच.

खरी अडचण वेळेची होती. बालवाडीचं काम सकाळी लवकर सुरू होतं म्हणून तो दहाला झोपायचा आणि राउटर त्याच्या उशाशी. वायफायच्या लहरींनी झोप बिघडते अशी त्याची समजूत होती, म्हणून रात्री दहा ते सकाळी साडेसहा वायफाय आपोआप बंद होईल असं त्यानं लावून ठेवलं होतं. तिथल्या राउटरमध्ये ही सोय असतेच. आता हिवाळ्यात सांगली आणि लाइपझिगमध्ये साडेचार तासांचं अंतर. आई पूजा-चहा आटोपून, कामाच्या बाई यायच्या आधी, साडेनऊला मोकळी असते. तेव्हा माझ्याकडं पहाटेचे पाच. संध्याकाळी मी घरी पोचायची तोवर तिची झोप लागलेली. साडेसहाला वायफाय जागं व्हायचं तेव्हा तिकडं अकरा, कुकर लावलेला, बाई फरशी पुसतायत. म्हणजे बाजूला कोणीतरी आहेच. माझ्याही बाजूला तो असायचा, स्वयंपाकघरात, कारण सिग्नल तिथंच धड यायचा. मी बोलायला लागले की तो कानांवर मोठे हेडफोन चढवून भांडी घासायला घ्यायचा. मला वाटायचं, मराठीचा त्रास होतो त्याला.

मोबाइलचा डेटा वापरून पाहिला. त्या लाद्यांमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. खोलीच्या मध्यात दोन काड्या, खिडकीत तीन. नोव्हेंबरात खिडकी उघडून, डोक्याला शाल गुंडाळून आईशी बोलणारी बाई समोरच्या इमारतीतल्यांनी आठवडाभर पाहिली असणार. आणि महिन्याचा डेटा दहाव्या दिवशी संपे.

एकदा कपाटामागं कानातलं पडलं. ते काढायला कपाट वीतभर सरकवलं तर भिंतीवर पिवळट पडलेलं, तीन खाचांचं एक सॉकेट दिसलं. टेलिफोनचं. खाचांवर बारीक अक्षरं होती, एन, एफ, एन. एफ म्हणजे फोनसाठी आणि एन म्हणजे फोन सोडून बाकी कशासाठीही. (फोन सोडून बाकी सगळं जग एका अक्षरात कोंबायची ही जर्मन पद्धत मला फार आवडली.) घरमालक मुलाचं इंटरनेट टीव्हीच्या केबलवरून येत होतं. त्या केबलचे पैसे तेव्हा इमारतीच्या भाड्यातच धरलेले असत, टीव्ही पाहा नाहीतर न पाहा. कायद्यानं ती पद्धत 2024 च्या जूनअखेर बंद केली. टेलिफोनची तार मात्र कुणीच वापरत नव्हतं. एका घरात दोन वाटा होत्या आणि त्यातली एक माझ्या कपाटामागं रिकामी पडली होती. मी त्याला विचारलं. त्यानं खांदे उडवले. "घ्या की. पण नाव तुमचं, सही तुमची."

मी हो म्हणाले, आणि जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की माझ्या आयुष्यातलं हे पहिलंच कनेक्शन. सांगलीचा फोन वडिलांच्या नावावर होता. पुण्याच्या घरातला लँडलाइन सासऱ्यांच्या नावावर, वीज त्यांच्याच, गॅस नवऱ्याच्या. बिलं भरायला रांगेत मी उभी राहिले आहे वीस वर्षं. नाव मात्र कुठंच नाही.

अर्ज भरायला बसले तेव्हा कळलं की अर्जाच्या आधी बरंच काही लागतं. बँकेचं खातं लागतं, कारण पैसे तेच आपणहून काढून घेतात. खात्याला नोंदवलेला पत्ता लागतो. पत्ता नोंदवायला घर देणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं, त्याचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. हा शब्द एका दमात म्हणता आला की अर्धी जर्मन भाषा आली असं आमच्या कचेरीतल्या बाई म्हणायच्या. ही कागदपत्रं माझ्याकडं होती. पुढं कराराची मुदत. स्वस्त करार चोवीस महिन्यांचा, माझी नेमणूक उरलेली बावीस महिने. देश सोडला तर महिन्याभराच्या नोटिशीनं सुटता येतं हे मी तीनदा वाचलं, मग सही केली. महिना पस्तीस युरो. त्या पैशात महिन्याचा तांदूळ, डाळ, दूध, अंडी येत होती हेही तीनदा मनात आलं.

आठ दिवसांनी स्वागताचं पत्र आलं. "माननीय श्रीयुत" म्हणून सुरुवात आणि पुढं माझ्या नवऱ्याचं नाव. पासपोर्टात आपल्याकडं बाईच्या नावानंतर नवऱ्याचं नाव येतं. कुणीतरी दोन नावांतलं ओळखीच्या वळणाचं वाटलं ते उचललं आणि मला पुरुष करून टाकलं. मी ते पत्र नवऱ्याला पाठवलं. "अभिनंदन, जर्मनीत तुझं कनेक्शन मंजूर झालंय," असं लिहून. तो दोन दिवस हसत होता. मी ग्राहकसेवेला फोन करून, मोडक्या जर्मनमध्ये, मी बाई आहे हे पटवून दिलं.

आता हे सगळं कशासाठी, तर तांब्याच्या दोन तारांसाठी. जर्मनीसारख्या देशात इंटरनेट एवढं मंद का, हा प्रश्न तिथं आलेल्या प्रत्येक भारतीयाला पडतो आणि तो पुण्यातल्या तीनशे-चारशे रुपयांच्या फायबरची आठवण काढून उसासे टाकतो. मलाही पडला. उत्तर शोधताना सापडलं ते 1981 हे साल, आमच्या अर्जाचंच. त्या वर्षी पश्चिम जर्मनीत हेल्मुट श्मिट यांच्या सरकारनं सगळ्या देशात काचतंतूंचं जाळं टाकायचं ठरवलं होतं, तीस वर्षांच्या मुदतीनं. पुढच्याच वर्षी ते सरकार गेलं. हेल्मुट कोल आले, त्यांच्या टपालमंत्र्यांनी काच बाजूला ठेवून तांब्याची टीव्ही केबल टाकायला घेतली, कारण खासगी वाहिन्या घरोघर पोचवायच्या होत्या. माझ्या घरमालकाचं वायफाय त्या धोरणाच्या पोटातून आलेलं. पूर्वेची गोष्ट आणखी गमतीची. देश एक झाल्यावर नव्वदच्या दशकात इथं टेलिफोनचं नवं जाळं टाकलं तेव्हा अनेक शहरांत थेट काचतंतू वापरले, घराच्या अगदी जवळपर्यंत. जगातलं अद्ययावत काम. मग 1999 साली डीएसएल आलं, ते धावतं तांब्यावरून. ज्या वस्त्यांत काच टाकली होती तिथंच ते चालेना. सगळ्यांच्या पुढं गेले आणि म्हणून मागं राहिले. काही ठिकाणी काच असताना परत तांबं टाकावं लागलं म्हणे! मला हे वाचून बारा वर्षं थांबलेल्या वडिलांच्या वतीनं थोडं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तंत्रज्ञ येणार होता एका मंगळवारी, आठ ते एकच्या दरम्यान. मी रजा टाकली. कपाट ओढून ठेवलं. चहाचं आधण दोनदा ठेवलं, कारण आपल्याकडं लाइनमन आला की चहा लागतो. दीड वाजला. कोणी आलं नाही. तिकडं कायदा आहे, कंपनीचा माणूस ठरल्या वेळी आला नाही तर ग्राहकाला किमान दहा युरो मिळतात. मी मनात त्या दहा युरोंची खरेदीही करून ठेवली. तीन वाजता संदेश आला. 'आमचा तंत्रज्ञ आला होता. ग्राहक सापडला नाही.'

खाली जाऊन पाहिलं. दाराशी बारा बटणं, बारा पाट्या. माझं नाव कुठंच नव्हतं. जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक, पुढं तुम्ही कोण हे बेलवरच्या पाटीवरून ठरतं. पाटी नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, पार्सलवाला निघून जातो. ऑफिसच्या पत्त्यावर पत्रं मागवत राहिल्यानं मला दोन महिने हे कळलंच नव्हतं आणि स्वागताचं ते पत्र घरमालकाच्या नावाच्या पेटीत पोस्टमननं केवळ दयेनं टाकलं असणार. पुण्याची असून पाटी लावायची विसरले, हे माझ्या माहेरी-सासरी कुणाला सांगायची सोय नव्हती.

पाटी लावणंही सोपं नाही. ती इमारतीच्या मालकाकडून छापून येते आणि त्यासाठी पोटभाडेकरू ठेवल्याचं त्यांना रीतसर कळवावं लागतं. घरमालक मुलगा ते 'उद्या' कळवणार होता. मी वहीचा कागद कापून, पेननं आडनाव लिहून, चिकटपट्टीनं लावला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा लावत असताना तळमजल्याचं दार उघडलं आणि ऐंशीच्या घरातल्या एक आजी बाहेर आल्या. कागद त्याच काढत होत्या. "हाताचं अक्षर चालत नाही इथं," त्या म्हणाल्या, आणि मग, "एवढी कसली घाई आहे?"

मी म्हटलं, "टेलिफोन."

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला ओळखीचं होतं. त्यांनी मला आत बोलावलं. कॉफी दिली, बरोबर खसखशीचा केक. मग सांगितलं. त्यांनी अर्ज केला 1976 साली. फोन आला 1992 साली, ज्या देशाकडं अर्ज केला होता तो देश संपल्यानंतर. पूर्व जर्मनीत शेवटपर्यंत सहा-सात घरांमागं एका घरात फोन होता, आणि तो डॉक्टर, अधिकारी, पक्षाची माणसं यांना आधी. यांच्या वरच्या मजल्यावर एकाकडं होता आणि तोही दोन घरांत मिळून एक तार. एक बोलत असला की दुसऱ्याचा मुका. आजींच्या आईचा फोन तिथं यायचा, दर रविवारी चारला. "तुम्ही काय बोलायचात?" मी विचारलं. "हवेबद्दल," त्या म्हणाल्या. "सगळं छान आहे म्हणायचो."

मी हसले, त्या हसल्या नाहीत. कारण त्यांच्या तारेवर तिसराही कान असायचा. शहरात रुंडे एके नावाची इमारत आहे, गोल कोपऱ्याची. श्टाझीचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं, लाइपझिगचं मुख्यालय तिथं होतं. 4 डिसेंबर 1989 रोजी नागरिकांनी ती ताब्यात घेतली, आता तिथं संग्रहालय आहे. लोकांची पत्रं वाफेवर उघडून परत चिकटवायची यंत्रं तिथं मांडून ठेवलीत, मी पाहिली आहेत. समोरच्या काकूंचं ऐकणं आणि हे ऐकणं यांची तुलना करण्याचा गाढवपणा मी केला नाही. पण आजींच्या घरात भिंतीवर फोन लावलेला दिसला, तोच 1992 चा, आणि तिथं मांडलेली खुर्ची भिंतीकडं तोंड करून होती.

मग बोलणं पुन्हा पाटीवर आलं. 2018 साली व्हिएन्नात महापालिकेनं आपल्या दोन लाखांहून जास्त घरांच्या बेलवरची नावं काढून फक्त क्रमांक लावायचं ठरवलं होतं, नव्या युरोपीय गोपनीयता कायद्याच्या धाकानं. जर्मनीतही तेव्हा त्यावरून पेपरांत गदारोळ झाला. आजींना मी ते सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वेडे आहेत. दारावर नाव नसेल तर माणूस राहतो कुठं?" ज्या बाईनं आयुष्याची चाळीसेक वर्षं कुणी ऐकेल म्हणून हवेबद्दल बोलण्यात घालवली, तिनं हे म्हणावं याचं मला नवल वाटलं. अजून वाटतं.

त्यांनीच मालकांच्या कचेरीत फोन केला. आठ दिवसांत पाटी आली. काळ्यावर पांढरी अक्षरं, स्पेलिंग बरोबर.

दुसऱ्या खेपेला तंत्रज्ञ सव्वाआठला हजर. पन्नाशी उलटलेला, सॅक्सन बोलीचा माणूस. हो म्हणायला 'या' न म्हणता 'नू' म्हणायचा. कपाटामागं गुडघ्यांवर बसून त्यानं सॉकेट उघडलं, कानाला मापकयंत्र लावलं, खाली तळघरात जाऊन आला, पुन्हा ऐकलं. सांगलीला 1993 साली लाइनमननं तारेचं टोक जोडून असंच कान देऊन ऐकलं होतं, आणि आईनं फोनला हळदकुंकू वाहून त्याच्या हातावर पेढा ठेवला होता. वडिलांनी पहिला फोन कुणाला लावावा यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी तो समोर, काकूंनाच लावला. काकूंचा "हॅलो" रिसीव्हरमधून आणि खिडकीतून असा दोन्हीकडून ऐकू आला होता.

"जिवंत आहे?" मी विचारलं.

"नू," तो म्हणाला. चहा मात्र त्यानं घेतला नाही, पुढं अजून चार घरं होती. करारात पन्नास मेगाबिट लिहिले होते, मोजले तर चव्वेचाळीस. मी तक्रार केली नाही. नव्या नेटवर्कला नाव द्यायचं होतं तिथं मी देवनागरीत 'काकू' लिहिलं. का लिहिलं ते माहीत नाही, पटकन तेच सुचलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आईला लावला. खोलीत हीटर कुरकुरत होता, बाहेर काळोख. मी गादीवर बसून, दार लावून, पाय पोटाशी घेऊन बोलत होते.

"बाजूला कोण आहे गं?"

"कोणी नाही. माझं स्वतःचं कनेक्शन आहे आता. बोल तू."

ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग तिनं डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं, जे ती दोन महिने लपवत होती. मग मी माझं सांगितलं. ती म्हणाली, तिचंही याच वयात झालं होतं, काळजी करू नकोस, रात्री दूध घे. अशी पन्नास मिनिटं आम्ही बोललो. शेवटी मी तिला आजींचं, शेअर तारेचं, हवेबद्दल बोलण्याचं सांगितलं, आणि म्हटलं, आपल्या काकूही काही कमी नव्हत्या, तुझा फोन आला की रेडिओ कसा मोठा करायच्या, आठवतं?

"अगं, ते," आई म्हणाली. "तुझे आजोबा गेल्याचा फोन त्यांच्याकडंच आला ना. मी भर सोप्यात रडले. हमाल, दलाल, सगळी माणसं बसलेली. त्या दिवसापासून लावायला लागल्या. आपलं बोलणं त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून. एकदा तर स्टेशनच लागेना, नुसती खरखर. तरी तसाच मोठा करून ठेवला होता त्यांनी."